रेल्वे आली, पण कोकणात नाही

रेल्वेने दूरची कुटुंबे जवळ आणली, हे एकोणिसाव्या शतकातील रेल्वेवरच्या तुमच्या लेखातील प्रतिपादन मुंबई-पुण्यापुरते मला मान्य आहे. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली तरी खोपोली ते खंडाळा हा घाट पालखीने, तट्टावरून किंवा पायीच चढावा लागे. १८६३ मध्ये याच बोरघाटातून रूळ गेले, तेव्हा कुठे मुंबईत दिलेल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याच्या माहेरी आणणे खऱ्या अर्थाने सोपे झाले.

कोकणाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि लेखात तिची दखल घ्यायला हवी होती. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या रत्नागिरीकडच्या चाकरमान्यांच्या गावापर्यंत रेल्वे पोहोचायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली, त्यामुळे त्यांचे कुटुंब जोडून ठेवले ते आगबोटीने आणि टपालाने. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये टपालखात्याची मनीऑर्डर. जागा संपली की कार्डाच्या कडेने उभ्या ओळी लिहिल्या जात आणि घरात कोणाला वाचता येत नसेल, तर नवऱ्याचा खासगी मजकूरही गावी राहिलेल्या बायकोला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. गावी राहून शेती, सासू-सासरे आणि मुले सांभाळणाऱ्या या स्त्रियांवर स्वतंत्र लेख यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.