सहा किलोमीटरला दहा तास लागले म्हणून रॉकेट खोटं?

मामांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला आणि त्याखाली अंगठे पण पडले, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. म्हणणं काय, तर नासाचं चंद्राकडे जाणारं आर्टेमिसचं रॉकेट लाँचपॅडवर नेताना त्यात इंधन नसतं म्हणजे आत नुसतं पोकळ मॉडेल, माणसाच्या चालीपेक्षा हळू नेतात म्हणजे पडायची भीती, आणि मधेच परत आणतात म्हणजे पितळ उघडं पडलं.

पोकळ?? टाक्या रिकाम्या असतात, हे खरंय, बरं. पण लिक्विड हायड्रोजन उणे 253 डिग्रीला ठेवावं लागतं, ऑक्सिजन उणे 183 ला, आणि टाकीत भरलं की ते उकळून उडायलाच लागतं, त्यामुळे उड्डाणाच्या काही तास आधी पॅडवरच भरतात आणि उडून जाईल तेवढी भर शेवटपर्यंत घालत राहतात. आदल्या आठवड्यात भरून काय करणार? आणि बाजूचे दोन पांढरे बूस्टर दिसतात ना, त्यातलं इंधन घन असतं, ते आधीच भरलेलं, दोन्ही मिळून 1,200 टनांच्या वर. म्हणजे ज्याला हे पोकळ म्हणतायत ते अर्धं बारूदखाना घेऊन चाललेलं असतं.

आता वेग. क्रॉलर, म्हणजे रॉकेट उभंच पॅडपर्यंत वाहून नेणारं अवाढव्य वाहन, त्याची नासाचीच माहिती वाचा ना, कुणी लपवलेली नाही. ते वाहन 1960 च्या दशकातलं, एकटंच साधारण 3,000 टनांचं, लोड घेऊन जास्तीत जास्त ताशी 1 मैल. वर 98 मीटरचं रॉकेट आणि त्याच्यापेक्षा उंच टॉवर, दोन्ही उभेच. पॅडपाशी चढ लागतो, तिथे जॅकने एक बाजू उचलून वरचा प्लॅटफॉर्म सपाट ठेवायचा. मार्च 2022 मध्ये साधारण 6.8 किलोमीटरला दहा तासांच्या वर लागले ते असे. पडायची भीती? असणारच की, म्हणून तर हळू नेतात. चांद्रयान-3 पण उभंच, हळूहळू नेलं होतं, तेव्हा मामांनीच टाळ्यांचे इमोजी टाकले होते.

परत आणण्याचं म्हणाल तर आर्टेमिस-1, म्हणजे पहिल्या मोहिमेचं हेच रॉकेट, तीनदा परत आणलं, त्यातलं सप्टेंबरमधलं इयान चक्रीवादळामुळे. पोकळ मॉडेल वादळातून वाचवायला एवढा खटाटोप कोण करतं? आणि 16 नोव्हेंबर 2022 ला तेच रॉकेट उडालं, हे फॉरवर्डमध्ये का नाही, ते मामांनी जिथून आलं तिथे विचारावं.