‘फ्रेंच म्हणजे क्वेबेक, क्वेबेक म्हणजे फुटीर’ : एका फॉरवर्डचा समाचार

थोड्याफार फरकाने एकच मजकूर तीन ग्रुपांवर येऊन गेला. सार असं : कॅनडाने फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीने बसवलं आणि देश दोनदा फुटता फुटता वाचला; तिथले फ्रेंच बोलणारे मनाने फ्रान्सचेच; भाषेचे लाड केले की हेच होतं. खाली ‘पुढे पाठवा’.

‘दोनदा’ म्हणजे क्वेबेक प्रांतातली १९८० आणि १९९५ ची सार्वमतं. दुसऱ्या वेळी वेगळं व्हायला नकार देणारी मतं जेमतेम ५०.५८ टक्के होती, तेव्हा वाचला हे खरंच. पण क्रम बघा. कॅनडाचा राजभाषा कायदा आला १९६९ मध्ये. स्वतंत्र क्वेबेकचा झेंडा घेतलेला पार्टी क्वेबेक्वा हा पक्ष १९६८ मध्येच उभा राहिला होता, आणि क्वेबेकमधली खदखद पाहून केंद्र सरकारने द्विभाषिकतेवर आयोग नेमला तो त्याच्याही आधी, १९६३ मध्ये. ताप आधी, औषध नंतर. औषधाने ताप हटला का, यावर वाद घाला हवा तर. औषधानेच ताप आला, असं म्हणू नका.

आता ‘मनाने फ्रान्सचे’. हा मजकूर लिहिणाऱ्याला अकेडियन माणसं ठाऊकच नसावीत. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रेंच वसाहत सुरू झाली १६०४ मध्ये, म्हणजे क्वेबेक शहराच्या चार वर्षं आधी. तिचं नाव अकेडिया. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचे, आत झडपांची दारं बसवायची आणि खाऱ्या दलदलीतून शेतं काढायची, हे त्यांचं कसब. कोकणातली खारबंदिस्ती पाहिलेल्या माणसाला चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. १७१३ च्या तहात फ्रान्सने हा मुलूख ब्रिटनला देऊन टाकला. अकेडियन तिथेच राहिले. ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ त्यांना नको होती, कारण तिच्यापायी उद्या फ्रेंचांविरुद्ध हत्यार धरावं लागलं असतं. फ्रान्ससाठी लढायचीही बहुतेकांना हौस नव्हती. इंग्रज त्यांना ‘तटस्थ फ्रेंच’ म्हणत.

तटस्थपणाची किंमत १७५५ मध्ये वसूल झाली. ५ सप्टेंबरला ग्रां-प्रे गावात पुरुषांना आणि मुलग्यांना चर्चमध्ये बोलावून सांगण्यात आलं की जमीन आणि गुरं सरकारजमा झाली, तुम्ही जहाजावर चढा. पुढच्या आठ वर्षांत १०,००० च्या आसपास माणसं अशी हाकलली गेली. कुटुंबं फुटली, कित्येक वाटेत आणि छावण्यांत मेले.

त्यातले काही हजार फिरत फिरत फ्रान्सला पोचले. मनाने फ्रान्सचे असते तर त्यांना घर सापडायला हवं होतं, नाही का? वर्षानुवर्षं त्यांना धड जमीन मिळाली नाही, तिथल्या जगण्यात ते रुळले नाहीत. १७८५ मध्ये सुमारे १,६०० जण सात जहाजांतून फ्रान्स सोडून आजच्या अमेरिकेतल्या लुइझियानाला गेले, जे तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. फ्रान्सपेक्षा स्पेनचं राज्य परवडलं.

काहीजण लपतछपत मूळ मुलखाकडे परतले. त्यांच्या वंशजांनी १८८१ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मेमरामकुक इथे अधिवेशन भरवलं. राष्ट्रीय दिन कोणता, हा प्रश्न होता. क्वेबेकचा २४ जून घ्यावा असा आग्रह धरणारे होते; ठरला १५ ऑगस्ट, मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस. (आपल्या तारखेशी जुळणं हा निव्वळ योगायोग, नवा फॉरवर्ड काढू नका.) तीन वर्षांनी झेंडा ठरला : फ्रान्सचा तिरंगाच, निळ्या पट्ट्यात पिवळा तारा. तिरंगा आहे म्हणून कुणी पुन्हा ‘बघा, फ्रान्स!’ म्हणेल. मुळाची खूण ठेवली, हे कबूल. पण स्वतंत्र दिवस, झेंडा, गीत ठरवून त्यांनी क्वेबेकलाही सांगितलं की आम्ही तुमची शाखा नाही.

राहिले ‘लाड’. १९६८ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्याच मॉन्क्टन शहरात फ्रेंच विद्यार्थी पालिकेच्या कामात आपली भाषा मागायला गेले, तर महापौरांनी त्यांना धुडकावून लावलं. पुढच्याच वर्षी न्यू ब्रन्सविकने, लुई रोबिशो या अकेडियन प्रीमियरच्या (म्हणजे प्रांताच्या सरकारप्रमुखाच्या) कारकिर्दीत, दोन्ही भाषांना राजभाषा केलं. मग फुटला का प्रांत? १९७२ मध्ये अकेडियन पक्ष निघाला खरा. त्याची सर्वांत टोकाची मागणी होती कॅनडातच वेगळा प्रांत. एकही जागा न जिंकता तो ऐंशीच्या दशकात गुंडाळला. भाषेचा कायदा मात्र टिकला, आणि १९९३ मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच समाजांची बरोबरी थेट कॅनडाच्या राज्यघटनेत गेली. कायद्यामुळेच पक्ष संपला असं मी म्हणणार नाही, छोट्या पक्षांना मरायला कारणं भरपूर असतात. पण मजकुरातलं भाकीत इथे साफ खोटं ठरलं.

मॉन्क्टन शहर अधिकृतपणे द्विभाषिक व्हायला मात्र २००२ उजाडलं. त्याच भागातली पोरं ‘शियाक’ बोलतात : वाक्याचा सांगाडा फ्रेंच, शब्द अर्धे इंग्रजी. पॅरिसचा माणूस ते ऐकून गडबडतो. आणि १५ ऑगस्टच्या संध्याकाळी काराके गावात हीच माणसं पातेली, झाकणं, भोंगे घेऊन रस्त्यावर उतरतात आणि कान किटेपर्यंत आवाज करतात. त्याला ‘तॅंतामार’ म्हणतात. आम्ही अजून इथेच आहोत, एवढंच त्यात सांगायचं असतं.