झाड, योगासनं आणि खरेदीची फाईल

कर्मचाऱ्यांचं आरोग्य आणि पर्यावरण ही दोन्ही प्रकरणं सरकारी कचेऱ्यांत जून महिन्यात उगवतात आणि जुलै लागायच्या आत मावळतात. 5 जूनला झाड लावायचं, 21 जूनला योगासनं करायची, दोन्हींचे फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकायचे. मागच्या पर्यावरण दिनाला आमच्याकडे रोपापेक्षा फ्लेक्स मोठा होता. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फ्लेक्सवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे म्हणे. पण साहेबांच्या फोटोची जाडी मोजायला कोण जाणार? रोपाला पाणी घातलं, चहा झाला, सगळे परत आपापल्या पंख्याखाली.

त्या पंख्याबद्दलच लिहायचंय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कचेरीत भांडार शाखेत आहे. भांडार म्हणजे कागद, पेन, खुर्च्या, पंखे, बादल्या, फिनाईल. मागणीपत्रक घ्यायचं, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर टाकायचं नाहीतर दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वात कमी दरवाल्याला आदेश द्यायचा आणि माल आला की साठ्याच्या नोंदवहीत चढवायचा. लोकांना हे टेबल खालच्या पायरीचं वाटतं. मला आता उलट वाटायला लागलंय. कर्मचाऱ्याची पाठ, डोळे, पाय कसे राहणार आणि कचेरीमागे किती कोळसा जळणार, याचा निकाल योगदिनाच्या सतरंजीवर लागत नाही, तो या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लागतो.

खानदेशातल्या मे महिन्याबद्दल बाहेरच्यांना काय सांगावं! जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला गेला तर आम्ही त्याची बातमीही करत नाही. त्यात सरकारी इमारतीचा वरचा मजला. स्लॅब दिवसभर तापतो आणि साडेतीनच्या सुमाराला खाली ओतायला लागतो. नेमकं त्याच वेळी सगळ्या गावाचे कूलर सुरू असल्यामुळे व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की साधा पंखा मंदावतो. पाती मोजता येतील इतका. खाली बसलेला डाटा एंट्री ऑपरेटर, तोही बहुधा कंत्राटी, एका हाताने की-बोर्ड आणि दुसऱ्या हाताने फाईलचा पुठ्ठा हलवत असतो.

आता हिशोब बघा. साधा जुन्या पद्धतीचा छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज खातो. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा तेवढाच वारा 30 वॅटच्या आसपास देतो, आणि व्होल्टेज पडलं तरी त्याचा वेग फारसा उतरत नाही. फरक 45 वॅटचा. दिवसाला 9 तास, वर्षाला 250 दिवस धरले तर एका पंख्यामागे साधारण 100 युनिट. युनिटला 9 रुपये धरले तरी 900 रुपये. दोन पंख्यांच्या किमतीत फरक हजार-दीड हजाराचा. म्हणजे दुसऱ्या वर्षातच पैसे वसूल, आणि त्यापुढची आठ-दहा वर्षं निव्वळ फायदा. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला 70 किलो. पन्नास पंख्यांच्या कचेरीत साडेतीन टन झाले. पर्यावरण दिनाचं आमचं रोप जगलं, मोठं झालं, तरी त्याला हे जन्मात शोषून होणार नाही. आणि ते जगत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात नवीन येतं.

हे आकडे आम्हा खानदेशवाल्यांना कागदी वाटायला नकोत. भुसावळशेजारी दीपनगरला कोळशावरच्या वीजकेंद्राचे 500 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि 660 मेगावॉटचा नवा उभा राहिलाय. 100 युनिटांसाठी 60-70 किलो कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा नुसती राख असते. आपल्या खोलीत आलेली वीज नेमकी कुठल्या संचाची हे कुणी सांगू शकत नाही, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या पवनचक्क्यांची किंवा तिथल्याच शिवाजीनगरच्या सोलरचीही असेल. पण राखेचे टँकर रस्त्यावरून जाताना मागे दुचाकी असेल तर काय होतं, हे त्या भागातल्या माणसाला विचारा.

मग घेत का नाहीत? लोकांना वाटतं खाबूगिरी. ती असते तिथे असते, नाही म्हणत नाही. पण खरी गोम फार कंटाळवाणी आहे. पंख्याची खरेदी एका लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या एका खात्यातून, होते आणि वीजबिल दुसऱ्या. ज्या टेबलाने हजार रुपये जास्त दिले त्याला शाबासकी मिळत नाही, कारण वाचलेले 900 भलत्याच रजिस्टरला दिसतात. खरं तर दिसतही नाहीत. उलट महाग घेतलं तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला: "स्वस्त दर उपलब्ध असताना जादा दराने खरेदी का केली?" स्वस्तातला घेतला म्हणून आजवर कुणावर लेखापरीक्षणात आक्षेप निघालाय असं मी ऐकलेलं नाही. त्यात निधी येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. 31 मार्चच्या आत खर्च नाही झाला तर व्यपगत, म्हणजे परत गेला. अशा घाईत जे मिळतं ते येतं, आणि एप्रिलमध्ये छताला लागून मेमध्ये घरघरायला लागतं.

आणि हो, नियम आडवे येतात हेही पूर्ण खरं नाही. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत काटकसरीच्या आधी कार्यक्षमता हा शब्द आहे, आणि विजेची उपकरणं घेताना स्टार रेटिंग बघायला सांगितलंय. छताच्या पंख्यांना तर 1 जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचंच आहे. सर्वात कमी दर घ्यायचा तो विनिर्देशात, म्हणजे वस्तू कशी हवी त्या लेखी अटींत, बसणाऱ्यांमधून. म्हणजे विनिर्देशात "पाच स्टार, इतके वॅट, इतकी वॉरंटी" असं लिहिलं की सर्वात कमी दरवालासुद्धा चांगलाच माल आणणार. कमी दराच्या पद्धतीला मी शिव्या देणार नाही. ती नसती तर साहेबांच्या मेव्हण्याचं दुकान जोरात चाललं असतं. रडकथा विनिर्देशांची आहे. ते गेल्या वर्षीच्या फाईलवरून जसेच्या तसे उतरवले जातात, तारीख बदलून. गेल्या वर्षीचे कुठून आले, तर त्याच्या आधीच्या वर्षीच्या.

पंख्याचं काय, माणूस पुठ्ठ्याने तरी वारा घेतो. गमबुटांचं काय करायचं?

एका नगरपालिकेत, नाव घेत नाही, सफाई कामगारांना गमबूट वाटले तेव्हा मी तिथे होतो. खोक्यांचा ढीग, हजेरीपटावर सह्या, फोटोग्राफर. बूट सगळे नऊ नंबरचे. गटार काढणाऱ्यांत निम्म्या बायका. त्यातल्या एका मावशींनी बूट हातात धरून उलटसुलट केला आणि वाटप करणाऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, एक बूटमा मना दोन्ही पाय मावतीन." सगळे हसले. त्याही हसल्या, सही केली, बूट पिशवीत घातले आणि प्लास्टिकच्या चपलेवर कामाला गेल्या. रबरी हातमोजे तर घरी भांडी घासायचे असतात तसले पातळ. काचेचा तुकडा लागला की संपले.

कागदावर त्या मावशी सुरक्षित आहेत. सुरक्षा साधनं पुरवली, पोच आहे, फोटो आहे. बूट पडून राहिले, रबर कडक झालं, चिरलं, आणि काही वर्षांनी कुणाच्या तरी परसात किंवा कचरा डेपोवर. म्हणजे पैसा गेला, पाय उघडे राहिले आणि कचराही वाढला, सगळं एकाच आदेशात. मागणीपत्रकावर "पाच नंबर, इतके जोड" एवढी एक ओळ असती तर एक पैसा जास्त लागला नसता. पण मागणीपत्रक भरतो तो बूट घालत नाही, आणि जी घालते तिला कुणी विचारत नाही.

आमच्या अडगळीच्या खोलीतही हेच बघतो. पाठ मोडलेल्या चाकाच्या खुर्च्या, काचेच्या नळीचे जुने मॉनिटर, ज्यांच्या काचेत शिसं असतं. जुना माल बाद ठरवणाऱ्या निर्लेखन समितीची बैठक होत नाही म्हणून वर्षानुवर्षं धूळ खातायत. कर्मचारी मात्र घरून उशी आणून खुर्चीत बसतात. कंबरदुखीचा मेडिकल बिलाचा प्रस्ताव परत वेगळ्याच टेबलावर.

छताचं तर हसू येतं. आपल्या आजोबा-पणजोबांची धाब्याची घरं आठवा. जाड भिंती, वर मातीचा थर, मेमध्ये दुपारी आत झोप लागायची. आज त्याच गावात सरकारी स्लॅब उघडा तापतो आणि खाली केबिनला एसी लागतो. गच्चीला चुना मारायला किंवा पांढरा रंग द्यायला असा किती खर्च येतो? पण केबिनचा एसी "तातडीची गरज" आणि गच्चीचा चुना "पुढील अंदाजपत्रकात".

चांगलं काही झालंच नाही असंही नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला. रोजचा वेळ वाढला, पावणेदहा ते सव्वासहा झाला, तेव्हा कुरकुर झाली. पण शनिवारी दिवे-पंखे बंद, चोपडा-यावलहून येणाऱ्यांचं जाणं-येणं वाचलं, माणसाला घरी दोन दिवस मिळाले. माणूस आणि पर्यावरण दोघांचं भलं एकाच निर्णयात झालं. अर्थात त्या गमबूटवाल्या मावशींना तो लागू नाही. दवाखाने, पोलीस, सफाई अत्यावश्यक सेवेत. त्यांचा शनिवार चालूच.

तर यंदा मी एक केलं. मागणीपत्रकाच्या खाली एक रकाना वाढवला: "प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अभिप्राय, माप व सही". पंख्यांच्या विनिर्देशात स्टार आणि वॅट लिहिले, आणि टिपणीत वीजबिलाचा वरचा हिशोब जोडला. फाईल वर गेली. तीन टेबलं फिरून परत आली. पंख्यांबद्दल काहीच शेरा नाही, म्हणजे बहुधा मान्य. रकान्यापुढे मात्र लाल शाईत विचारलंय: "सदर रकाना कोणत्या शासन निर्णयान्वये?"

असा शासन निर्णय मला तरी सापडलेला नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुठल्या ग्रामपंचायतीने, पालिकेने, दवाखान्याने वापरणाऱ्याला विचारून मापासकट खरेदी केली असेल, तर त्या मागणीपत्रकाचा फोटो मला पाठवा. नावं झाका, नमुना हवाय. "इतर कार्यालयांत प्रचलित" एवढं जरी टिपणीत लिहिता आलं तरी पुढच्या टेबलाचं समाधान होतं, हा माझा भांडारातला अनुभव आहे. फाईलला सोमवारी उत्तर द्यायचंय.