दर सेमिस्टरला तेच सर्टिफिकेट

माझ्या भावाचा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली जन्माची अडचण, मे महिन्याच्या सुट्टीत बरा होतो, असा त्याच्या कॉलेजच्या ऑफिसचा पक्का समज असावा. नाहीतर परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून दर सेमिस्टरला तोच अर्ज, तेच सर्टिफिकेट आणि तेच "साहेब आज नाहीत, उद्या या" कशाला? डिचोलीहून दोन बस बदलून, पावसात भिजत जायचं, ते हे ऐकायला!

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात हेही आहे. ऑटिझमही आहे. केंद्राच्या नियमात तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तब्बल एक तास. ऑफिसात हे सांगितलं तर "आमच्याकडे तसा सर्क्युलर नाही." मागच्या वेळी तर मंजुरी हातात असूनही तीन तास संपताच सुपरवायझरने पेपर ओढून घेतला. वर म्हणे, "दिसतो तर धडधाकट!"

आणि तो रॅम्प! एक फूट चढायला निदान बारा फूट उतार लागतो. इथे जेमतेम चार फुटांत उरकलाय. जूनपासून त्यावर शेवाळ, बाकीचे महिने स्कूटर. वरच्या टोकाला परत एक पायरी आहेच. व्हीलचेअरवाल्याने तिथून उडी मारायची का?

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांसाठीचा महोत्सव, झाला, तेव्हा भाऊ किती खूश होता. बाबा तर म्हणाले, आता बघ, सगळं सुधारतंय.

परवा ऑफिसातून फोन आला. झेरॉक्स नीट दिसत नाही, ओरिजिनल घेऊन या.