मिनिटं नव्हे, मॅच ठरवा

'तास संपला की फोन काढून घ्या' हा मुलांच्या मोबाइल गेमिंगवरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमची एक क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते, मध्ये थांबवता येत नाही, आणि एकजण उठला की स्क्वाडमधले, म्हणजे चौघांच्या टीममधले, बाकीचे तिघे अडकतात. कोथरूडला बहिणीकडे रोजची भांडणं त्यावरूनच. शेवटचं सर्कल, म्हणजे खेळातली सुरक्षित जागा, आवळत आलेलं, भाचा कानाला हेडफोन लावून श्वास रोखून बसलेला आणि नेमका तेव्हाच गजर! आता मायलेकांनी मिळून मॅच ठरवल्यात: क्लासहून आल्यावर एक, जेवणानंतर एक. खरा मोह मॅच संपून लॉबीत, म्हणजे पुढची मॅच सुरू करायच्या स्क्रीनवर, आल्यावर असतो. पुन्हा 'स्टार्ट' दाबायचं नाही, हे तो शिकतोय.

आणि नुसत्या तासांवरून मुलाला व्यसनी ठरवू नका हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गवारीत गेमिंगच्या विकाराचे निकष वेगळे आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, तेही साधारण 12 महिने. मात्र झोप, जेवण, कॉलेज सुटायला लागलं असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका, लगेच समुपदेशकाला गाठा.