‘फुल खाली, फुल हार्ड’ याला ट्यूनिंग म्हणत नाहीत

कॉइलओव्हरबद्दलचा (म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं सस्पेन्शन) एक मेसेज गाड्यांच्या ग्रुपवर कधीपासून फिरतोय, आता रीलपण आलेत त्याच्यावर. थोडक्यात म्हणणं असं: कंपन्या स्पोर्ट्स कूपे मुद्दाम उंच आणि मऊ ठेवतात, म्हणून ॲडजस्टेबल कॉइलओव्हर टाका, स्प्रिंगखालची रिंग फिरवून गाडी होईल तेवढी खाली घ्या, स्प्रिंग आवळली की ती कडक होते, शॉकअपचा वरचा नॉब फुल हार्ड करा, अलाइनमेंट नंतर सावकाश, आणि आरसीवर उंची लिहिलेली नसते म्हणून आरटीओचा काही संबंध नाही. मी मुंबईत सस्पेन्शनचंच काम करतो, हा मेसेज वाचून सेट केलेल्या गाड्या समोर येतात तेव्हा खरंच जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“जितकी खाली तितकी रस्त्याला चिकटून”

अर्धंच खरं आहे हे. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन कमी होतं, बरोबर. पण 2016 ला आपल्याकडे आलेली फोर्ड मस्टँग घ्या, पुढे स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब, चाकाला वरून धरणारा) आहे, आणि स्ट्रटवाल्या गाडीत चाक गाडीला जोडणारे खालचे आर्म साधारण आडवे असतात तोवरच गणित जमतं. गाडी फार खाली घेतली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीपेक्षाही जास्त खाली सरकतं, म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटरमधलं अंतर उलट वाढतं आणि तीच स्प्रिंग असताना गाडी वळणावर जास्त कलायला बघते. शिवाय चाक दबताना जो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळायला हवा तो मिळत नाही. आणि शॉकअपला आत दबायला जागाच उरत नाही, बंपस्टॉपवर (प्रवास संपताना अडवणाऱ्या रबरावर) आपटला की त्या चाकाचा कडकपणा एकदम कितीतरी वाढतो, आणि हे वळणाच्या मध्यात झालं तर गाडी अचानक सरकते. लोक म्हणतात “गाडी स्नॅपी आहे”, नाही हो, ती बंपस्टॉपवर बसलीय.

“स्पीडब्रेकर काय, तिरपी काढायची”

इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमात ताशी 25 किमीसाठीचा स्पीडब्रेकर दिलाय: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा गोलावा. मस्टँगचा व्हीलबेस 2.72 मीटर. चारही चाकं त्या उंचवट्यावर असताना पोटाखालची जागा किती जाते काढून बघा, साधारण साडेपाच सेंटीमीटर, कारण उंचवटा लांब आहे आणि चाकंही त्याच्यावरच चढलेली असतात. पण सोसायटीच्या गेटवर सिमेंट ओतून केलेला जो वीतभर रुंदीचा ब्रेकर असतो तो दोन्ही चाकांच्या मधे येतो, मग त्याची उंची पूर्ण पोटातून वजा होते. त्याच उंचीचा ब्रेकर, एकावरून निघते, दुसऱ्यावर घासते. तिरपी काढता येते, पण मागे हॉर्न वाजत असताना अंधेरीच्या गल्लीत तिरपी करायला जागा कुठे मिळते ते तुम्हीच सांगा. त्यामुळे उंची ठरवायची तर आपल्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट ब्रेकर मोजून ठरवा, दुसऱ्याच्या फोटोवरून नको.

“स्प्रिंग आवळली की कडक होते”

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज, त्यामुळे इथे जरा थांबतो. समजा स्प्रिंग 8 किलो प्रति मिमीची आहे, म्हणजे 1 मिमी दाबायला 8 किलो लागतात, आणि त्या कोपऱ्यात स्प्रिंगवर गाडीचं 400 किलो वजन येतंय. गाडी जमिनीवर टेकली की स्प्रिंग 50 मिमी दबते. आता रिंग फिरवून तुम्ही आधीच 10 मिमी दाबून ठेवली, म्हणजे 80 किलोचा प्रीलोड. गाडी खाली सोडली तर काय होईल? स्प्रिंग पुन्हा एकूण 50 मिमीच दबलेली असणार, कारण वजन तेवढंच आहे, फक्त शॉकअप 50 ऐवजी 40 मिमी आत गेला. गाडी 10 मिमी वर राहिली, बस. खड्ड्यात आणखी 80 किलो आलं की पहिल्यासारखीच 10 मिमी दबणार. साध्या लिनिअर स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि वेढे किती आहेत त्याच्यावर असतो, रिंग कुठे आहे त्याच्यावर नाही. बदलतं ते एवढंच की शॉकअपचा एकूण प्रवास वर किती आणि खाली किती वाटला जातो.

म्हणून उलटं केलं, रिंग सोडून सोडून गाडी खाली घेतली, की बंप साइडचा (चाक वर दबायचा) प्रवास संपतो, आणि गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग सैल होऊन बसकीवर (ती टेकते त्या जागेवर) खडखडते. ज्या कॉइलओव्हरला खालचा ब्रॅकेटपण आट्यांवर फिरतो तिथे उंची त्या ब्रॅकेटवरून बदला, प्रीलोडला हात लावू नका, प्रवास तेवढाच राहतो. मस्टँगच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच वेगवेगळ्या जागी आहेत, तिथे स्प्रिंगच्या बसकीवरून उंची बदलली तर शॉकअपची लांबी वेगळी जुळवावी लागते, हे बरेच जण करतच नाहीत. आणि उंची मोजताना जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, नाहीतर टायरची हवा आणि झीजपण मापात येते.

“नॉब फुल हार्ड, कोस्टल रोड आहे की आता”

शॉकअपचं काम स्प्रिंगला उड्या मारू न देणं, गाडी उचलून धरणं नाही. नॉब फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, स्प्रिंगची हालचाल हळू होते. एक नॉबवाल्या बऱ्याच शॉकअपमध्ये तो मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेलं चाक परत खाली यायचा वेग. फुल हार्ड केलं आणि सलग तीनचार खड्डे आले तर चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, सस्पेन्शन प्रत्येक वेळी थोडं थोडं आत दबत जातं, आणि टायर मधे मधे हवेत असतो. हवेतल्या टायरला ग्रिप नसते, आणि पावसात तर जी काय थोडी ग्रिप असते तीपण जाते. कोस्टल रोड गुळगुळीत आहे मान्य, पण तिथे लिमिट 80 आहे आणि तिथवर पोचायला पेव्हर ब्लॉक, वर आलेली मॅनहोलची झाकणं, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा हे सगळं पार करायचं असतं, आणि सी लिंक काय फ्रीवे काय, पुलाला एक्स्पान्शन जॉइंट असणारच.

मी असं करतो. नॉब घड्याळाच्या दिशेने हळूच शेवटपर्यंत हार्ड (जोर लावायचा नाही, आतली सुई खराब होते), तिथून मागे क्लिक मोजायचे, मऊ बाजूकडून सुरुवात. ओळखीच्या एकाच रस्त्यावर एकाच स्पीडने चालवायची, उंचवट्यानंतर गाडी तरंगत राहिली तर दोन क्लिक वाढवायचे, परत तोच रस्ता. तरंगणं थांबलं की थांबायचं. पुढचं आणि मागचं एकाच वेळी कधीच बदलायचं नाही, आणि वहीत लिहून ठेवायचं.

“अलाइनमेंट नंतर बघू”

मधे एक मस्टँग आली होती, दुसरीकडे कॉइलओव्हर बसवलेली, बाहेरून टायर नवे कोरे दिसत होते, स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात घातला तर आतल्या कडेला रबर संपून तारा बोटाला लागत होत्या. उंची बदलली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) हलतो, आणि टायर आतून खाण्यात टोचा वाटा कॅम्बरपेक्षा मोठा असतो. त्या गाडीचे आर्मचे बोल्टसुद्धा गाडी हवेत असताना आवळलेले होते, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत, काही महिन्यात फाटतात. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करा, पुढेमागे ढकलून बसू द्या, मग नव्या उंचीला आवळा, आणि त्यानंतर लगेच अलाइनमेंट. स्प्रिंग बसल्या की पुन्हा एकदा.

आणि पावसाळ्यानंतर आटे धुवून घासून साफ करा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चिखलात रिंग अशा जाम होतात की पाना घसरतो पण रिंग हलत नाही, मग ॲडजस्टेबल सस्पेन्शन फक्त नावाला.

“आरसीवर उंची नाही, म्हणजे चालतं”

नाही चालत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 182ए (4) सुटे भाग बसवून केलेल्या बदलांनाही धरतं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आरसीवर उंचीचा रकाना नाही ही पळवाट इथे पुरत नाही. विम्याचंही तेच, बदल लपवला आणि अपघात झाला तर क्लेमवर वाद घालायला कंपनीच्या हातात मुद्दा मिळतो. ज्यांना खरंच ट्रॅकवर पळवायचीय, कोइम्बतूरला कारीचा ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, त्या गाडीचं सेटिंग वेगळं लिहून ठेवा आणि गाडी तिथवर ट्रकवर न्या. रोजच्या गाडीला कंपनीची उंची, कंपनीची स्प्रिंग, चांगले टायर आणि बरोबर अलाइनमेंट एवढं आधी करून बघा, त्यानंतरही काही कमी वाटलं तर नेमकं कुठे आणि कुठल्या वळणावर ते सांगा, तिथून पुढे बोलू.