जुन्या लष्करी पिस्तुलाला बफ मारू नका

"घरात जुनं लष्करी पिस्तूल पडलंय? चांगल्या गनस्मिथकडून नव्यासारखं करून घ्या, किंमत दुप्पट!" अशी सुरुवात असलेला पाच मुद्द्यांचा मेसेज अमेरिकेतल्या मराठी मंडळींत फिरतोय. टेक्सासमधल्या माझ्या मेव्हण्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, सोमवारी पिस्तूल देऊन येतो." त्याच्याकडे रेमिंग्टन रँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनवलेलं एम१९११ए१ पिस्तूल आहे, मूळ फिनिश शाबूत असलेलं. म्हणून हे चिडून लिहितोय.

पहिला मुद्दा: पॉलिश आणि ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळा थर चढवणं) केलं की किंमत वाढते. साफ खोटं. लष्करी पिस्तुलाचा संग्राहक चकाकीला पैसे देत नाही, पुराव्याला देतो, आणि बफिंगचं चाक नेमका तो पुरावा खाऊन टाकतं. धातूवर ठसा ठोकला की अक्षराच्या कडेला धातू किंचित वर येतो. जाणकार भिंगाखाली आधी ती कड बघतात. बफ मारला की ती सपाट होते, अक्षरं उथळ होतात, पिनांच्या भोकांचे काठ खोलगट होतात, स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, धारदार कडा गोलावतात. युद्धाच्या घाईत कारखान्यांनी पॉलिशवर वेळ घालवला नाही. त्यामुळे फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, राहिलेल्या यंत्राच्या रेघा हीसुद्धा अस्सलपणाची खूण असते, आणि मेसेज त्यांना "खरखरीत दोष" म्हणतो! मेव्हण्याच्या फ्रेमवर 'एफजेए' ही लष्करी निरीक्षक फ्रँक जे. अ‍ॅटवूड यांची आद्याक्षरं आहेत. ती एकदा पुसट झाली की जगातला कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही. पुन्हा ठोकली तर ती नक्कलच.

त्यात ब्लूइंगच का? "लष्करी पिस्तुलं मुळात चकचकीत निळी असायची" हा दुसरा मुद्दा. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या कोल्ट कंपनीच्या पिस्तुलांना ब्लूइंग होतं, हे मान्य. सिंगर आणि युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धातही ब्लूइंगच केलं, तेही मान्य. पण रेमिंग्टन रँडची पिस्तुलं पार्कराइज्ड, म्हणजे फॉस्फेटचा राखाडी, चमक नसलेला थर दिलेली. त्यांवर चकचकीत निळा रंग चढवला तर कारखान्यातून कधी बाहेरच न पडलेली वस्तू तयार होते.

तिसऱ्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं. "नंबर जुळत नसतील तर गनस्मिथ जुळवून देईल." हा सल्ला नाही, फसवणुकीची शिकवणी आहे. शिवाय अज्ञानही आहे. जर्मन लुगरच्या लहानसहान भागांवरही नंबराचे शेवटचे आकडे असतात, तिथे जुळण्याला अर्थ आहे. अमेरिकी लष्कराच्या बहुतेक १९११ पिस्तुलांवर अनुक्रमांक फक्त फ्रेमवर असतो. भाग एकमेकांत बदलता यावेत हीच लष्कराची अट होती. इथे प्रश्न असतो तो स्लाइड त्याच कारखान्याची आहे का, बॅरल (नळी) त्या काळाचं आहे का, एवढाच. रेमिंग्टन रँडमध्ये 'एचएस' म्हणजे हाय स्टँडर्डचं किंवा 'एफ' म्हणजे फ्लॅनरीचं बॅरल योग्य धरतात. सिंगरने १९११ए१ फक्त ५०० बनवली आणि तेवढ्यामुळेच तिच्या नावाच्या बनावट पिस्तुलांना ऊत आलाय. वर कायदा: कारखान्याचा अनुक्रमांक खोडलेलं किंवा बदललेलं पिस्तूल नुसतं जवळ बाळगणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे?

चौथा: "५० वर्षं झाली की कितीही बदल करा, कायद्याने ते संग्रहातलंच." अर्धं खरं. फेडरल नियमावलीच्या ४७८.११ या कलमात ५० वर्षांची अट आहेच. पण शस्त्रपरवान्यांचं काम बघणाऱ्या एटीएफची भूमिका स्पष्ट आहे: शस्त्र मूळ रचनेत असलं पाहिजे. नवी स्लाइड, नेम धरायची नवी साइट बसवण्यासाठी कापलेल्या खाचा, बदललेलं बॅरल असं सगळं केलंत तर ते वयाने जुनं राहील, पण संग्राहकाच्या परवान्यावर मागवता येईलच असं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे लपवणं मला अक्षम्य वाटतं.

पाचवा: "जुनं पोलाद आजच्यापेक्षा दणकट, जोरदार काडतुसंही चालतात." या पिस्तुलाच्या .४५ एसीपी जातीच्या साध्या काडतुसाची दाबमर्यादा २१,००० पौंड प्रति चौरस इंच, 'प्लस-पी' या जोरदार काडतुसाची २३,०००. सुरुवातीच्या स्लाइडना आजच्यासारखा उष्णोपचार नव्हता आणि युद्धकाळातल्या स्लाइडचाही काही भागच कडक केलेला असे. प्लस-पी अशा जुन्या पिस्तुलात घालू नये.

एक कबूल करतो, नाइलाजाने: कस्टम काम, म्हणजे आवडीप्रमाणे करून घेतलेले बदल, सरसकट पाप नाही. आर्मंड स्वेन्सन आणि जिम क्लार्क या गनस्मिथांच्या हातची पिस्तुलं आज स्वतःच संग्राह्य आहेत. आर्सेनलमध्ये, म्हणजे लष्करी शस्त्रागारात, एकदा पुन्हा बांधलेलं, भाग मिसळलेलं, आधीच बफ खाल्लेलं पिस्तूल असेल तर त्यावर हवं ते काम करून घ्या, माझी हरकत नाही. मात्र विकताना ते सांगा.

मेव्हण्याला उत्तर कळवलंय: सोमवारचं रद्द कर. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री कर, प्रत्येक ठशाचा जवळून फोटो काढ. लाल गंज असला तर फक्त तेल आणि मऊ कापड, सँडपेपर नाही. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. बाकी काहीही करण्याआधी १९११चा जाणकार गाठ, ज्याला तुझ्याकडून कामाचे पैसे मिळणार नाहीत असा.